पाणीकपात १० टक्के, पण बचत नेमकी कुठून करायची? कॉटन ग्रीनच्या घरांतून समजून घेऊया

२५ मे २०२४ रोजी मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून १ लाख ४० हजार २०२ दशलक्ष लिटर पाणी उरलं होतं. एकूण साठवण क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. म्हणजे साठा ९.६९ टक्के. महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात जाहीर केली. ती मागे घेतली गेली २९ जुलैला, तलाव भरायला लागल्यावर.

कपात जाहीर झाली की एक यादी फिरायला लागते. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली वापरा, गाडी ओल्या फडक्याने पुसा. पालिकेच्या आवाहनातही तेच आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. यादीत चुकीचं काही नाही. पण ती कुणाच्या घरासाठी लिहिलेली असते, हे काही कळत नाही. पहाटे तास-दीड तास येणारं पाणी पिंपात भरून ठेवणाऱ्या चाळीतल्या माणसाला नळ उघडा ठेवू नका हे सांगायची गरजच नसते. आणि ज्याच्या टॉवरमध्ये चोवीस तास पाणी आहे, त्याच्या घरातलं सर्वात जास्त पाणी दात घासण्यात जातच नाही.

म्हणून कॉटन ग्रीन. स्टेशनवर उतरून पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदयनगर, घोडपदेव असं चालत गेलात तर अर्ध्या तासात जुन्या चाळी, म्हाडाच्या वसाहती आणि गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर असं सगळं दिसतं. पूर्वेला गेलात तर बंदराच्या जमिनीवरची गोदामं आणि झोपड्या. नावात 'ग्रीन' असलं तरी हिरवळीशी फार संबंध नाही. कापसाच्या गाठी ठेवण्याची कुलाब्याची मोकळी जागा 'कॉटन ग्रीन' म्हणून ओळखली जायची, बाजार इकडे सरकला तेव्हा नावही सोबत आलं. पाण्याच्या बाबतीत मात्र आख्खी मुंबई समजून घ्यायला ही एक जागा पुरेशी आहे.

हे पाणी येतं कुठून?

मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहार तलावातून, १८६० मध्ये. मग १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. १९५७ मध्ये मोडक सागर. नंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. यात विहार आणि तुळशी शहरात, बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरात. एकटा भातसा मुंबईच्या जवळपास निम्म्या पाण्याचा भार उचलतो. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातात. ही बातमी इतक्यांदा छापून आली आहे की आता ती बातमी म्हणून कुणी वाचत नाही.

भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध झालेलं पाणी शहरातल्या टेकड्यांवरच्या सेवा जलाशयांत येतं आणि तिथून उताराने घरोघरी. परळ-शिवडी पट्ट्यासाठी गोलंजी टेकडी आणि फॉसबेरी हे जलाशय, माझगावच्या बाजूला भंडारवाडा. भंडारवाड्याच्या टेकडीवर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. तिथे संध्याकाळी फिरायला येणाऱ्या अनेकांना आपल्या पायाखाली दक्षिण मुंबईचं पाणी आहे याची कल्पना नसते. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनचंही तसंच.

मुंबईचा रोजचा पुरवठा ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास आहे आणि मागणी ४,४०० च्या वर सांगितली जाते. दहा टक्के कपात म्हणजे सुमारे ३९० दशलक्ष लिटर. आता दुसरा आकडा बघा. पालिकेच्याच वेगवेगळ्या वर्षांच्या माहितीनुसार पुरवठ्याच्या पाव ते एक तृतीयांश पाणी गळती, चोरी आणि बिलाबाहेरच्या वापरात जातं. म्हणजे कपातीच्या अडीच-तीन पट पाणी आपल्या नळापर्यंत हिशेबात पोहोचतच नाही. त्यामुळे 'आधी पालिकेने गळती थांबवावी, मग आम्हाला शिकवावं' असं कुणी म्हणालं तर ते सरळ खोडून काढता येत नाही.

तरी घरातल्या बचतीला अर्थ आहे. त्याचं कारण मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या पद्धतीत दडलेलं आहे.

तुम्ही वाचवलेलं पाणी जातं कुठे?

मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक वेळेला येतं. एका लाईनवर वीस इमारती असतील, तर पाण्याच्या वेळेत त्या वीसही इमारतींच्या जमिनीखालच्या टाक्या एकदम भरायला लागतात. लाईनच्या सुरुवातीला असलेल्यांना जोर जास्त, शेवटी असलेल्यांना धार बारीक. तुमच्या टाकीत कालचं पाणी शिल्लक असेल तर ती लवकर भरते, फ्लोट व्हॉल्व्ह बंद होतो आणि लाईनमधला दाब पुढच्या इमारतीकडे जातो. टाकी कोरडी असेल तर ती शेवटच्या मिनिटापर्यंत ओढत राहते.

म्हणजे तुम्ही वाचवलेलं पाणी भातसा धरणात परत जात नाही, पण त्याच गल्लीत शेवटच्या इमारतीच्या टाकीत जाऊ शकतं. कपातीच्या दिवसांत 'सरसकट १० टक्के' असं जाहीर झालं तरी प्रत्यक्षात ती सगळ्यांना सारखी लागत नाही. दाब कमी झाला की पहिला फटका शेवटच्या टोकाला आणि चढावरच्या घरांना बसतो. याच वेळी काही जण थेट पालिकेच्या लाईनला मोटर लावून पाणी खेचतात. हे बेकायदा आहे. शिवाय लाईनमध्ये उलटा दाब तयार होऊन फुटलेल्या जागेतून गटाराचं पाणी आत ओढलं जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

मग लोक वाचवत का नाहीत? बिल बघा

पालिका घरगुती वापरासाठी हजार लिटरला साधारण सहा-साडेसहा रुपये घेते. चार माणसांचं कुटुंब, माणशी १३५ लिटर असं धरलं तर दिवसाला ५४० लिटर, महिन्याला सुमारे १६ हजार लिटर. पाण्याचे झाले शंभरेक रुपये. त्यावर ७० टक्के मलनिस्सारण आकार धरूनही पावणेदोनशेच्या आत. एका पिझ्झाहून कमी.

आणि हेही बिल तुमच्या वापरावर येत नाही. सोसायटीला मिळून एकच मीटर असतो. ते बिल सदनिकांमध्ये कसं वाटायचं, हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितलं आहे: घरातल्या नळांची संख्या आणि आकार यावरून. तुम्ही नळ किती वेळ उघडा ठेवता याचा त्याच्याशी संबंध नाही. पाचव्या मजल्यावरच्या एकट्या आजी आणि सातव्या मजल्यावरचं सहा माणसांचं कुटुंब, नळ सारखे असतील तर पैसे सारखेच. माझ्या मते बचतीच्या सगळ्या आवाहनांपेक्षा ही एक गोष्ट जास्त परिणाम करते, आणि तिच्याबद्दल सर्वात कमी बोललं जातं.

पालिकेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. माणशी दिवसाला १५० लिटरपर्यंत नेहमीचा दर, त्यापुढे दुप्पट, मग तिप्पट, मग चौपट. पण हा टप्पा आख्ख्या सोसायटीच्या सरासरीवर लागतो. त्यामुळे एका घराची उधळपट्टी सगळ्यांत वाटली जाते आणि एकाची काटकसरही. नव्या इमारतींमध्ये प्रत्येक सदनिकेला वेगळा मीटर बसवता येतो. जुन्या इमारतीत एका घराला चार-चार उभ्या पाइपांतून पाणी येतं, तिथे ते अवघड आणि खर्चिक आहे. निदान सोसायटीच्या मीटरचं रोजचं रीडिंग सूचना फलकावर लिहायला काहीच पैसे लागत नाहीत.

सर्वात आधी जमिनीखालची टाकी तपासा

घरातल्या नळाच्या आधी इथे यायला हवं, कारण सोसायटीतली सर्वात मोठी गळती कुणालाच दिसत नाही. जुन्या इमारतींच्या जमिनीखालच्या टाकीला तडा गेला तर पाणी गुपचूप मातीत मुरतं. तपासायची पद्धत सोपी आहे. रात्री अकराला पाणी यायचा व्हॉल्व्ह बंद करा, पंप बंद ठेवा, टाकीत पट्टी सोडून पातळी लिहून घ्या. पहाटे पंप सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. टाकी ५ मीटर बाय ४ मीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर खाली जाणं म्हणजे २०० लिटर गेले. आणि ज्या तड्यातून पाणी बाहेर जातं त्याच तड्यातून पावसाळ्यात घाण आत येते. त्यामुळे हा फक्त बचतीचा नाही, पोटाच्या दुखण्याचाही प्रश्न आहे.

गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो हे मुंबईचं नेहमीचं दृश्य आहे. वॉचमन पंप लावतो, गेटवर कुणीतरी येतं, आणि वरून धबधबा सुरू होतो. पातळी कळवणारा सेन्सर लावून पंप आपोआप बंद होण्याची सोय करायला सोसायटीला फार खर्च येत नाही. तो वॉचमनवर ओरडण्यापेक्षा नक्कीच उपयोगी आहे.

घरात पाणी खातं कोण?

इमारतींच्या पाणीपुरवठ्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ११७२. त्यात घरगुती वापराच्या हिशेबात माणशी ४५ लिटर फक्त फ्लशसाठी धरले आहेत. १३५ मधले ४५, म्हणजे एक तृतीयांश. भातशातून शंभरेक किलोमीटर आणलेलं, गाळलेलं, क्लोरिन घातलेलं पाणी आपण संडासात ओततो.

जुन्या फ्लशच्या टाकीत एका वेळी दहा-बारा लिटर जातात. नव्या दोन बटणांच्या टाकीत तीन आणि सहा. टाकी बदलायची नसेल तर एक लिटरची बाटली पाण्याने भरून, झाकण लावून टाकीत उभी ठेवा. दर वेळी एक लिटर वाचतं. चार माणसं, पाच-पाच वेळा, दिवसाला २० लिटर. विटेचा तुकडा ठेवू नका. तो झिजतो आणि त्याची रेती व्हॉल्व्हमध्ये अडकते. दुसरी तपासणी गळतीची: टाकीत खाण्याचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेला आहे. असा फ्लश आवाज न करता दिवसरात्र वाहतो.

थेंब थेंब गळणाऱ्या नळाचे आकडे इंटरनेटवर मनाला येतील तसे मिळतात. त्यापेक्षा नळाखाली पेला ठेवा आणि तासाने बघा. २०० मिलिलिटर जमलं असेल तर दिवसाचे पावणेपाच-पाच लिटर. हा तुमचा स्वतःचा आकडा.

मग आरओ. खरं सांगायचं तर मुंबईत पालिकेच्या पाण्याला आरओ लागतच नाही. आरओचं काम पाण्यातले विरघळलेले क्षार काढणं. मुंबईचं पाणी पावसाने भरलेल्या तलावांतलं, त्यात क्षार मुळात कमी. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं, तिथपर्यंत आपलं तलावाचं पाणी जातही नाही. टाकी आणि पाइपांतल्या जंतूंची भीती असेल तर अतिनील किरणांचा साधा फिल्टर किंवा उकळणं पुरतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. दिवसाला दहा लिटर पिण्याचं पाणी म्हणजे वीस-तीस लिटर मोरीत.

यात एक मेख आहे. ज्या टॉवरमध्ये पालिकेच्या पाण्यात टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळतं, तिथे आरओ खरंच लागू शकतो. शिवडी-कॉटन ग्रीनचा पूर्वेकडचा बराच भाग समुद्रात भराव टाकून केलेला, त्यामुळे बोअर मारली तर पाणी मचूळ निघण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी साधा टीडीएस मीटर आणून मोजा आणि मग ठरवा. आरओ असेलच तर बाहेर पडणारी नळी बादलीत सोडा. ते पाणी लादी पुसायला आणि फ्लशला चालतं.

अंघोळीचं गणित सगळ्यांना माहीत आहे, बादलीत पंधरा-वीस लिटर आणि शॉवरखाली आठ मिनिटांत साठ-सत्तर. वॉशिंग मशीन पूर्ण भरल्याशिवाय लावू नये, हेही. मला इथे जास्त महत्त्वाची वाटते ती सिंकची तोटी. तिला एरेटर नावाची छोटी जाळी बसवली की पाण्यात हवा मिसळते, धार जाड वाटते आणि पाणी निम्म्याच्या आसपास लागतं. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणी मंडळाने मोठ्या इमारती, हॉटेलं आणि व्यापारी जागांना एरेटर सक्तीचे केले होते. मुंबईत हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळतात.

भांडी घासताना नळ सुरू राहतो, हा विषय निघाला की बोट लगेच कामाला येणाऱ्या ताईंकडे जातं. त्यांना सकाळभरात पाच घरं करायची असतात आणि घाई आपणच लावलेली असते. सिंकमध्ये दोन टब ठेवले, एकात घासलेली भांडी बुचकळायला आणि दुसरा शेवटच्या धुण्याला, तर वेळ वाढत नाही आणि पाणी बरंच कमी लागतं. टब आणायचं काम मात्र घरमालकाचं.

चाळीतलं 'शिळं' पाणी

ज्यांच्याकडे पाणी वेळेवर येतं, त्यांची उधळपट्टी वेगळीच असते. नवं पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून मोरीत ओतून द्यायचं. पिंप भरलेलं, हंडा भरलेला, आणि सकाळी सहा वाजता सगळं रिकामं करून पुन्हा भरायचं. झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी एका रात्रीत खराब होत नाही. धरणातलं पाणी तर महिनोन्‌महिने साठलेलं असतं. पिण्याचं पाणी रोज बदलायचं असेलच तर जुनं धुण्याला, लादीला, झाडांना वापरा.

साठवलेल्या पाण्याला झाकण हवंच. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून, घासून, कोरडं करून मग भरा. त्या दिवशी आधी पिंपातलं पाणी वापरून संपवलं तर ओतावं लागत नाही.

बाल्कनीतली झाडं आणि खालचं लॉन

कुंडीतली झाडं मुंबईत पाण्याअभावी कमी आणि पाणी जास्त झाल्यामुळे जास्त मरतात. तुळस हे त्याचं ठळक उदाहरण. श्रद्धेने रोज तांब्याभर पाणी, खाली मुळं कुजलेली, आणि वर 'हवा मानवली नाही' हा निष्कर्ष. बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओल लागली तर आज पाणी नको. घालायचं तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि पाइपने नाही, तांब्याने.

मातीवर वाळलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्यांचा थर टाकला की ओल टिकते. शेंड्या तर आपल्याकडे देवळाबाहेर पोत्याने मिळतात. मोठ्या कुंडीत एक छोटं कच्च्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवलं, वर पणती झाकली, की पाणी मडक्याच्या अंगातून झिरपत मुळांना मिळतं. शेतात वापरली जाणारी ही मडके सिंचनाची जुनी पद्धत आहे. गावी गेल्यावर आठवडाभर झाडं सांभाळायला शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागत नाही.

तांदूळ-डाळ-भाजी धुतलेलं पाणी झाडांना उत्तम. साबणाचं पाणी कुंडीत नको. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं. मुंबईच्या दमट रात्री एसीच्या नळीखाली बादली ठेवा आणि सकाळी बघा. मचूळ पाण्यावर चालणाऱ्या आरओचं टाकाऊ पाणी मात्र रोज घालू नका, क्षार साठून पानांची टोकं करपतात. कुंडीखालच्या ताटलीत जमलेलं पाणी त्याच दिवशी दुसऱ्या कुंडीत ओता, नाहीतर डासांची पैदास तिथेच.

पण बाल्कनीतल्या दहा कुंड्यांनी शहराचं पाणी संपत नाही. लॉनकडे बघा. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. टॉवरच्या पोडियमवर १०० चौरस मीटर लॉन असेल तर रोज ५०० लिटर. जवळजवळ चार माणसांचा आख्ख्या दिवसाचा वाटा, आणि त्या लॉनवर मुलांना खेळू देत नाहीत हे वेगळं. त्याजागी सदाफुली, बोगनवेल, कोरफड लावली तर पाणी कितीतरी कमी लागतं. बंगळुरूने त्याच मार्चमध्ये बागेला आणि गाडी धुवायला पिण्याचं पाणी वापरल्यास ५ हजार रुपये दंड ठेवला होता.

आणि डोक्यावर पडणारं पाणी?

कुलाब्याच्या नोंदीनुसार जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून थोडा जास्त पाऊस पडतो. २०० चौरस मीटरची गच्ची असेल तर त्यावर ४ लाख लिटर. वीस टक्के उडून-वाहून गेलं असं धरलं तरी ३ लाख २० हजार. वीस घरं, ऐंशी माणसं, माणशी ४५ लिटर फ्लश, म्हणजे दिवसाला ३,६००. गच्चीवरच्या पावसात त्या इमारतीचा सुमारे ८९ दिवसांचा फ्लश निघतो.

हे कागदावर. प्रत्यक्षात एवढं पाणी साठवायला जागा नसते, आणि जमिनीत मुरवायचं तर पावसाळ्यात भरावाची जमीन आधीच पाण्याने भरलेली असते. त्यामुळे या भागात 'वर्षभराचं पाणी साठवू' हे स्वप्न सोडून 'पावसाळ्याचे चार महिने फ्लश, लादी, गाड्या पावसाच्या पाण्यावर' एवढंच ध्येय ठेवावं. गच्चीच्या पन्हाळीच्या पाइपाला खाली तोटी, जाळी आणि झाकणाची टाकी जोडायची. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, ते गच्ची धुऊन आलेलं असतं.

कायदा काय म्हणतो? मुंबईत २००२ मध्ये १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजलसंधारण सक्तीचं झालं. २००७ मध्ये ती मर्यादा ३०० वर आली, आणि २०३४ च्या विकास नियमावलीत ती पुन्हा ५०० केली गेली. म्हणजे नियम मधल्या काळात कडक झाला आणि नंतर सैल. बांधलेल्या यंत्रणा चालतात का, हे बघायला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर सहसा कुणी फिरकत नाही.

रुळांच्या पलीकडे

रे रोड-कॉटन ग्रीनच्या पूर्वेला, बंदराच्या जमिनीवर कौला बंदर नावाची वस्ती आहे. सुमारे बारा हजार लोकवस्ती आणि अधिसूचित झोपडपट्टीचा दर्जा नाही. जमीन केंद्राच्या अखत्यारीतली, त्यामुळे पालिकेची अधिकृत जोडणी नाही. 'पुकार' या संस्थेच्या संशोधकांसह केलेला इथल्या पाण्याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की इथली कुटुंबं पाण्यासाठी पालिकेच्या तेव्हाच्या दराच्या, म्हणजे हजार लिटरला सव्वादोन रुपयांच्या, सरासरी ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती. काही भागांत ९५ टक्के लोकांना माणशी ५० लिटरही मिळत नव्हतं.

५० लिटर हा आकडा ओळखीचा वाटेल. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचं पाणी संपायला आलं तेव्हा १ फेब्रुवारीपासून तिथल्या नागरिकांवर हीच मर्यादा घातली गेली आणि जगभर त्याची बातमी झाली. आपल्याकडे हार्बर लाईनच्या शेजारी माणसं त्याहून कमी पाण्यात राहत होती, कुठलीही आणीबाणी जाहीर न होता.

डिसेंबर २०१४ मध्ये 'पाणी हक्क समिती'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येणार नाही. मे २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण सुरू केलं. केंद्राच्या जमिनीवरच्या वस्त्यांना मात्र आजवर परवानग्यांच्या फेऱ्यांनीच दमवलं आहे. तुमच्या फ्लशमधली बाटली हा प्रश्न सोडवणार नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. इथे जोडणीच द्यावी लागेल.

टँकरवर किती भरवसा ठेवायचा, हे एप्रिल २०२५ मध्ये टॉवरवाल्यांनाही कळलं. भूजल प्राधिकरणाच्या परवानगीच्या अटींवरून मुंबईतल्या टँकरचालकांनी १० एप्रिलपासून संप केला. पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे करावा लागला, मग संप मिटला. त्या चार दिवसांत अनेक सोसायट्यांना आपलं पालिकेचं पाणी किती आणि टँकरचं किती, हा हिशेब पहिल्यांदा मांडावा लागला.

पुनर्विकास होणार असेल तर

अभ्युदयनगरपासून काळाचौकीच्या छोट्या चाळींपर्यंत या भागात पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. बैठकांमध्ये बोलणं होतं ते चटई क्षेत्रावर, भाड्यावर, कॉर्पस फंडावर. ते साहजिक आहे. पण एका मोरीच्या घरातून दोन-तीन बाथरूमच्या घरात गेल्यावर पाण्याचा वापर वाढणार आणि लाईन मात्र तीच असणार. म्हणून करारावर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागायला हरकत नाही: फ्लशसाठी वेगळी पाइपलाइन, प्रत्येक घराला वेगळा मीटर, दोन बटणांचे फ्लश, आणि पावसाच्या पाण्याची टाकी.

वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यात सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते फ्लश आणि बागेसाठी वापरण्याची अट येते. प्रकल्प उभा राहतो, संयंत्र बसतं, आणि वर्षभरात वीजबिल परवडत नाही म्हणून बंद पडतं. त्यामुळे बिल्डरला 'संयंत्र आहे का' एवढंच विचारू नका. ते चालवायचा महिन्याचा खर्च किती, पहिली पाच वर्षं तो कोण देणार, आणि त्याचं पाणी कुठल्या पाइपाने तुमच्या फ्लशपर्यंत येणार, हे नकाशावर दाखवायला सांगा. भिंती उभ्या राहिल्यावर दुसरी पाइपलाइन टाकायला कुणी तयार होत नाही.